रेशमी देवीचं कपाळ

“देवी म्हणायची आणि कपाळ रिकामं?”

काकू हे कोणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. चष्मा डोक्यावर सरकवून त्या आमच्या हॉलमधल्या तसबिरीकडे बघत होत्या. त्यांच्यामागे तिघीचौघी जमल्या होत्या. आईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि मी तिळगुळाचा डबा घेऊन त्या तसबिरीपासून तीन पावलांवर उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

“कोणती गं ही? लक्ष्मी?”

“लक्ष्मीला हरीण कुठलं?”

“चेहराही आपल्याकडचा वाटत नाही. आसामबिसामकडची असेल.”

“टोपलीत फळं आहेत बघ. शाकंभरी. पौष चाललाय ना, म्हणून लावली असणार हिने.”

“कोणती का असेना,” काकू म्हणाल्या, “घरात एवढ्या बायका हळदीकुंकवाला आल्यात आणि हिला कोणी विचारलं नाही.”

त्यांनी पिशवीतून स्वतःचा करंडा काढला. काकू आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ. तीस-बत्तीस वर्षं इथे कुवेतमध्ये काढलेल्या, आणि आईसकट सगळ्याजणी त्यांना काकूच म्हणतात. “हे माझं गावाहून मागवलेलं आहे हं,” त्या म्हणाल्या. “तुमची दुकानातली लाल पावडर नाही.” मग गुलाबदाणीतलं पाणी बोटावर घेतलं, बोट हळदीत बुडवलं आणि हात वर केला.

ती देवी आमची नव्हती. आपल्या कोणाचीच नव्हती. ते चिनी रेशमावरचं भरतकाम होतं, दुसऱ्याचं होतं आणि आमच्याकडे फक्त सांभाळायला दिलेलं होतं. त्याला हात लावायचा नाही हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. आई स्वयंपाकघरात होती. वाक्य माझ्याकडे तयार होतं, पण इंग्रजीत. मराठीत काकूंना ‘हात लावू नका’ म्हणायचं म्हणजे कसं म्हणायचं? आधी ‘अहो काकू’ म्हणायचं की ‘थांबा’ म्हणायचं? मी शब्द लावत राहिले आणि काकूंचं बोट त्या रेशमी कपाळावर टेकलं. आधी हळद, मग कुंकू.

काकूंनी लावल्यावर दुसऱ्या कोणी मागे राहणं बरं दिसलं नसतं. एक बाई पुढे झाल्या, त्यांनीही लावलं. तिसरी करंडा शोधत होती, तेवढ्यात आई भज्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने पाहिलं. बायकांच्या आड उभी असलेली मी तिला दिसले नाही. तिचा चेहरा एका क्षणासाठी उतरला आणि लगेच परत यजमानणीचा झाला. “चला गं,” ती म्हणाली, “गरम आहेत तोवर खाऊन घ्या.”

घरी बोलावलेल्या बायकांना काय बोलणार?

आज हे निवांतपणे लिहिता येतं, कारण ती तसबीर समोरच्या फ्लॅटमध्ये तिच्या जागी सुखरूप आहे. त्या वेळी मात्र मला वाटलं होतं की आता ही गोष्ट जन्मभर माझ्या मानगुटीवर बसणार.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी बाई एकट्या राहतात. मी त्यांना आंटी म्हणते. आई ज्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे तिथेच त्या सुया टोचून दुखणी बरी करण्याच्या विभागात आहेत. आई आणि त्या एकमेकींशी थोडं इंग्रजी, थोडं हॉस्पिटलमधलं अरबी आणि बाकी हातवारे अशा भाषेत बोलतात आणि तासन्‌तास बोलतात. जानेवारीत आंटींच्या हॉलच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो रोज ‘बुकरा’ म्हणायचा, म्हणजे उद्या. असे दहाबारा उद्या झाले. आंटींची गावी जायची तारीख आली. चिनी नववर्षासाठी त्या महिन्याभराची रजा घेऊन चालल्या होत्या. तसबीर ओल्या भिंतीवर ठेवून जाणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी त्या ती चादरीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आल्या.

आई तेव्हा ड्यूटीवर होती. मी घरी होते. शिक्षण संपलं होतं, एका ठिकाणी नोकरी ठरली होती, पण इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बदलून व्हायचा होता. त्यामुळे गेले चार महिने मी दिवसभर घरीच असायचे. आंटींनी माझ्याकडूनच खिळ्यावरचं कॅलेंडर काढून घेतलं आणि तिथे ती लावली. मग मला हाताला धरून डावीकडे उभं केलं, नंतर उजवीकडे, नंतर खाली बसवलं. प्रत्येक ठिकाणाहून त्या बाईच्या गालावरचा उजेड बदलत होता. रंग कुठेच बदललेला नव्हता, फक्त टाक्यांची दिशा बदललेली होती. गालावरून खाली, कपाळावर आडवे, हनुवटीपाशी गोल फिरत आलेले. काच नव्हती. काचेमागे रेशीम मरतं, असं आंटींच्या आईचं म्हणणं.

ते काम आंटींच्या आईने केलेलं होतं. दोन हिवाळे, फक्त दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून. एका धाग्याचे नखाने सोळा पदर करायचे आणि त्यातल्या एका पदराने चेहरा भरायचा. हात खरबरीत झाला तर रेशीम अडकतं, म्हणून त्यांची आई घरात भांडी घासायची नाही. “सगळी भांडी मी,” आंटी म्हणाल्या आणि स्वतःचे दोन्ही हात मला दाखवले. “सहा वर्षांची होते तेव्हापासून. हिची त्वचा बघ आणि माझी बघ.” त्यात थोडी तक्रार होती आणि बराचसा अभिमान. आता त्यांच्या आईला दिसत नाही. हे शेवटचं काम.

चित्रातल्या देवीचं नाव त्यांनी मा-गू असं काहीसं सांगितलं. तिच्या खांद्यावर काठी, काठीला टोपली, टोपलीत दीर्घायुष्य देणारी फळं, पायाशी ठिपक्यांचं हरीण. नखं पक्ष्यासारखी लांब. समुद्र आटून तिथे तुतीची शेतं झालेली तिने तीन वेळा पाहिली आहेत, आणि तरी ती दिसते अठरा-एकोणीस वर्षांची. ती काय करते, असं मी विचारलं. “बघते,” आंटी म्हणाल्या. “आणि वाढदिवसाला फळं घेऊन येते.”

जाताना त्यांनी बोट वर करून मला बजावलं. भिंतीवर राहू दे, कपाटात नको. ऊन नको. आणि हात अजिबात नको. कोणाचाच नको.

मी हो म्हटलं होतं.

हळदीकुंकवाच्या पाहुण्या गेल्यावर आईने पहिलं काम काय केलं असेल तर तसबीर खाली उतरवली. कोरडं कुंकू मऊ ब्रशने एकेक कण करत उडवलं. जखम साफ करताना तिचा हात असतो तसाच हात होता. वरचं निघालं. पण गुलाबपाण्यात भिजलेलं आत उतरलं होतं. दोन भुवयांच्या मध्ये हळदीचा पिवळा डाग आणि त्यात कुंकवाचा लाल ठिपका.

“तू आत होतीस ना?” ती मला म्हणाली. “तू बाहेर असतीस तर थांबवलं असतंस. तुला त्यांनी किती बजावून सांगितलं होतं.”

मी “हं” म्हटलं.

एवढंच. एका अक्षराचं खोटं. मला शाळेपासून कमी बोलणारी म्हणतात. आई मराठीत विचारते आणि मी इंग्रजीत उत्तर देते, तेही शक्य तितकं थोडक्यात. त्यामुळे त्या ‘हं’चं तिला काही वाटलं नाही. ती ब्रश धुवायला निघून गेली. “उगीच पाणी लावायचं नाही हं,” बेसिनपाशी उभी राहून ती म्हणाली. “विचारू कोणाला तरी.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या ड्यूटीवर गेली आणि मी विचार केला की ती यायच्या आत सगळं नीट करून टाकावं. फोनवर शोधलं. रेशमावरचा डाग लहान मुलांच्या शांपूने हलकेच टिपावा, असं तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीवर एक थेंब शांपू, एक थेंब कोमट पाणी. चुकू नये म्हणून त्यात धुण्याचा सोडाही चिमूटभर घातला, कारण चौथ्या ठिकाणी तसं लिहिलं होतं. श्वास धरून मी तो कापूस डागावर टेकवला.

पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. तपकिरी लाल. आणि पसरला. आधी वाटाण्याएवढा होता, आता करंगळीच्या नखाएवढा झाला आणि डाव्या भुवईच्या टोकाला लागला.

मी काडी कचऱ्यात टाकली, वर केळ्याचं साल टाकलं. मग ते साल काढून काडी बाथरूममध्ये फ्लश केली. चोवीस वर्षांची मुलगी असं करते हे लिहितानाही लाज वाटते.

संध्याकाळी आई तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली. “हे वाढलं कसं?” ती म्हणाली. बाबा हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. “दमट हवा,” ते म्हणाले. “आत उतरलेलं वर येतं.” आईने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आंटी परत यायला अजून अडीच आठवडे होते.

आईलाच मग फहाहीलचे चाचा आठवले. रत्नागिरीकडचे. बाजारात त्यांचं अबायांवर, म्हणजे इथल्या बायकांच्या काळ्या झग्यांवर, भरतकाम करण्याचं आणि रफूचं छोटं दुकान आहे. आईच्या शालूला उंदराने पाडलेलं भोक त्यांनी असं बुजवलं होतं की नंतर ते आम्हालाच सापडलं नाही. शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर दुकान उघडतं. बाबांनी गाडी काढली. तसबीर मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आडवी होती आणि पाऊण तास मी त्या कपाळाकडे बघत होते.

चाचांनी चादर उलगडली आणि आधी डागाकडे बघितलंच नाही. त्यांनी हरणाकडे बघितलं. मग फळांकडे, गुलाबीतून पिवळं कसं झालंय ते. मग चष्मा बदलून चेहऱ्याकडे.

“हे हातचं काम हाय,” ते म्हणाले. “मशीनचं नाय. चाळीस वरसं सुई धरतोय मी. असा चेहरा माझ्या बापालाबी जमला नसता.” मग त्यांनी डागावर फुंकर घातली, नाक जवळ नेलं. “साबण कोणी लावला?”

“साबण नाही लावला कोणी,” आई लगेच म्हणाली. “नुसता ब्रश फिरवलाय मी.”

चाचांनी चष्म्यावरून एकदा आईकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मी काउंटरवरच्या रिळांकडे बघत होते. हिरव्या रंगाच्या एकोणीस छटा होत्या.

“बरं,” ते म्हणाले. “नसंल लावला. हळदीला साबण लागला, सोडा लागला की ती लाल होते. कुंकू तरी दुसरं काय असतंय? खारात घातलेली हळदच ना?” म्हणजे मी त्या दुपारी देवीच्या कपाळावर नवं कुंकूच तयार केलं होतं. “पण कुंकू कुठलं व्हतं ते सांगा. खरं का बाजारची पावडर? पावडर असंल तर घेऊन जा परत, तो रंग निघायचा नाय. खरं असंल तर बघू.”

आईने तिथूनच काकूंना फोन लावला. का विचारतोय हे सांगायचं नव्हतं. “काकू, तुमचं ते कुंकू फार छान होतं हो,” एवढं तिने म्हटलं आणि पुढे तिला काही विचारावंच लागलं नाही. फोन स्पीकरवर होता. हळद कोणत्या शेतातली, लिंबं किती, टाकणखार किती, सावलीत किती दिवस वाळवायचं, चुलत जाऊ कशी घाई करते आणि मग रंग कसा बसत नाही. चाचा मान डोलावत ऐकत होते. शेवटी काकू म्हणाल्या, “तुला आवडलं असेल तर पाव किलो देते. आणि हो गं, तुझ्या त्या देवीला रोज लावत जा, नुसती शोभेला ठेवू नकोस.”

“लावते,” आई म्हणाली आणि फोन ठेवला. बाबा दुकानाबाहेर जाऊन हसून आले.

“खरं हाय,” चाचा म्हणाले. “तुमच्या त्या बाईला दुवा द्या.”

ज्या काकूंमुळे हे झालं त्यांच्याच हट्टाने ते सुटणार होतं. मी त्यांच्यावर आठवडाभर मनातल्या मनात चिडले होते. तो राग तिथेच निम्मा उतरला.

चाचांनी आधी तसबिरीची मागची बाजू बघितली. तिथे लपलेल्या धाग्यांच्या टोकांना एकेक करून ओला कापूस लावून रंग सुटतो का ते तपासलं. सुटत नव्हता. मग सुईच्या टोकाला सुती धागा गुंडाळला, सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात बुडवला, टिपकागदावर टेकवून जवळजवळ कोरडा केला आणि डागाच्या कडेपासून आत असा एकेक टाका टिपत गेले. लाल रंग परत पिवळा होत गेला. आईने मोठा श्वास सोडला. पिवळा डाग बघून कोणाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

“आता ही पिवळी हळद,” ते म्हणाले. “तिला ऊन खातंय. पण ऊन रेशमाचा रंगबी खाईल. म्हणून ह्याला खिडकी पाडायची.” त्यांनी अबायाच्या डब्यातला काळा पुठ्ठा घेतला, डागाच्या आकाराचं भोक कापलं आणि तसबिरीवर ठेवून बघितलं. सगळी देवी झाकली गेली, फक्त कपाळ उघडं राहिलं. “दिवसाला वीस मिनिटं. वीस म्हंजे वीस. शेजारी बसून र्‍हायचं. पुठ्ठा हलला तर भुवई जाईल.”

“तुमच्याकडेच ठेवता का?” आईने विचारलं.

“इथं नको. इथं तेल हाय, धूळ हाय, दहा लोक येतात. ही पोरगी करील. हिची नजर बारीक हाय.”

आई पार्किंगकडे निघाली. मी तसबीर गुंडाळत होते. चाचांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मी काय ईचारलं नाय, तू काय सांगितलं नाय. पण पोरी, पुन्हा साबण नको गो.”

“नाही लावणार,” मी म्हणाले. फहाहीलला मी बोललेलं तेवढंच.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि माझ्या खोलीच्या खिडकीतून अर्दियाच्या गोदामांचे पत्रे दिसतात. अकरा वाजता त्या पत्र्यांवरून ऊन आत येतं. मी टेबल खिडकीपाशी ओढलं, तसबीर आडवी ठेवली, वर पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांवर चार जड पुस्तकं. फोनवर वीस मिनिटांचा गजर. मग बसून राहायचं.

पहिल्या दिवशी काहीच फरक वाटला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी धूळ होती, आकाश तपकिरी, ऊन निघालंच नाही. चौथ्या दिवशी गजर झाल्यावर पुठ्ठा उचलला आणि वाटलं की कडा फिकट झाली आहे. की मलाच तसं वाटावं असं वाटत होतं? मी आईला दाखवलं. “झालीय,” ती म्हणाली, “पण तू रोज बघू नकोस. रोज बघितलं की जखम भरलेली कळत नाही.”

तरी मी रोज बघायचे. पुठ्ठा नसतानाही बघायचे. देवीचे डोळे नुसते काळे नव्हते. त्यात एक तपकिरी आणि अगदी कडेला निळसर टाका होता. तिच्या ओढणीखालून हरणाचे ठिपके दिसत होते. ओढणी इतक्या विरळ टाक्यांची होती की ती आरपार वाटावी. एका फळाच्या देठापाशी एक टाका चुकलेला होता. सगळे डावीकडे झुकलेले आणि तो एकटा उजवीकडे. आंटींच्या आईला तेव्हाच दिसेनासं व्हायला लागलं असेल का? की त्या दिवशी कोणी हाक मारली असेल? मी त्या टाक्याबद्दल कोणालाच बोलले नाही.

तिने समुद्र तीन वेळा आटताना पाहिला आणि काही म्हटलं नाही, ही गोष्ट मला त्या दिवसांत फार आठवायची. बघत राहणं मला येतं. लहानपणापासून येतं. बायकांच्या घोळक्यात कोण कोणावर रुसलंय, कोणाच्या बांगड्या नव्या आहेत, हे मला आधी दिसतं. त्या संध्याकाळीही काकूंचा हात करंड्याकडे जाण्याआधीच मला कळलं होतं. दिसलेलं तोंडातून बाहेर येत नाही, एवढंच.

नवव्या दिवशी डाग दिसेनासा झाला. बाबांनी भिंग आणलं. आईने टॉर्च मारला. कपाळावर सकाळच्या उन्हासारखी किंचित ऊब राहिली होती, पण ती तिथे आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावी अशी. भुवई जशीच्या तशी. बाबा म्हणाले, “झालं. आता कॅलेंडर परत कुठे लावायचं ते ठरवा.” त्या दिवशी आईने शिरा केला. मी तीन वाट्या खाल्ला.

“आंटींना काही सांगायला नको,” आई म्हणाली. “गेलंय ना सगळं. उगीच त्यांच्या जिवाला घोर.”

मी पुन्हा “हं” म्हटलं.

आंटी आल्या त्या दिवशी शनिवार होता. आईला सुट्टी होती. त्यांच्या छताचं काम खरंच झालं होतं आणि हारिस जिन्यात उभा राहून त्याचं श्रेय घेत होता. आंटींनी आमच्यासाठी सुकवलेली फळं आणि आईला एक लोकरी मोजा आणला होता. एकच मोजा होता, दुसरा सामानात सापडत नव्हता. मग त्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, खाली वाकल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

त्या तिसऱ्यांदा डावीकडे गेल्या. “कोणीतरी साफ केलंय,” त्या म्हणाल्या.

आईने हातातला कप खाली ठेवला.

“इथे,” आंटींनी बोट न लावता कपाळ दाखवलं. “दोन टाके थोडे उभे राहिलेत. पण काम चांगलं आहे. हात हलका आहे. कोण?”

आईला खोटं बोलता येत नाही. फक्त गप्प राहता येतं, तेही फार वेळ नाही. तिने सगळं सांगून टाकलं. सण होता, बायका आल्या होत्या, वयाने मोठ्या बाईंनी देवी समजून कपाळाला लावलं, आपल्याकडे मानाने लावतात, मनात काही वाईट नव्हतं. ती दोनदा सॉरी म्हणाली, एकदा इंग्रजीत आणि एकदा अरबीत. मग चाचा, सिरका, पुठ्ठा. “आणि ही,” ती माझ्याकडे हात करून म्हणाली, “ही नऊ दिवस उन्हात शेजारी बसली. हिनेच काढलं. त्या वेळी बिचारी आत होती, नाहीतर तिने थांबवलंच असतं.”

आंटींनी पुन्हा एकदा कपाळाकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आणि येतच राहिलं. शेवटी त्यांनी मोज्याने डोळे पुसले. त्यांच्या गावाकडे मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा मास्तर त्याच्या कपाळावर लाल ठिपका देतात, म्हणाल्या, त्याची अक्कल उघडावी म्हणून. “माझी आई म्हणायची, ही देवी फार गप्प आहे. आता तिला शाळेत घातलं तुम्ही.” त्यांनी आईचा हात धरला. “आईला फोनवर सांगते. तिला आवडेल. कोणीतरी तिच्या देवीला खरी समजलं.”

आई हसली. तिच्या खांद्यांवरचा अडीच-तीन आठवड्यांचा ताण उतरलेला मला दारातूनही दिसला. आंटी माझ्याकडे आल्या, माझे दोन्ही हात उलटे करून बघितले. “चांगले हात,” त्या आईला म्हणाल्या. “हिला भांडी घासायला लावू नकोस.”

सगळं मिटलं होतं. कोणी रागावलं नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. चहा ओतला जात होता. मी तशीच आत गेले असते तरी चाललं असतं. पण माझे हात त्यांच्या हातांत होते आणि त्या माझं कौतुक करत होत्या, आणि मला ते एक मिनिटही अंगावर ठेवून घेववेना. या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही. ते आलं तेच मराठीत आलं.

“आई,” मी म्हणाले, “मी आत नव्हते. तिथेच उभी होते, तिळगुळाचा डबा घेऊन. काकूंचं बोट मला दिसलं होतं. आणि साबण मी लावला.”